सकाळी ओढतो, दुपारी घसरतो: उजनीतल्या बोटीच्या गिअरबॉक्सचे ऑइल नेमके कोणते?

उजनीच्या पाण्यात डिझेल बोट चालवणाऱ्यांची एक तक्रार दर उन्हाळ्यात येते. सकाळी गिअर टाकला की बोट लगेच ओढ घेते. अकरा वाजले, ऊन चढले, दोन-तीन फेऱ्या झाल्या की गिअर टाकूनही क्षणभर काहीच होत नाही आणि मग धक्का देऊन पंखा फिरतो. दुपारी रेस वाढवावी तर इंजिन ओरडते, बोट मात्र जागची हलत नाही. संध्याकाळी गिअरबॉक्स गार झाला की सगळे पूर्ववत. ऑइल बदलले तर आठ-पंधरा दिवस बरे जातात, पुढे पुन्हा तेच. एका हंगामात तीनदा ऑइल बदलूनही खोड जात नाही, तेव्हा मिस्त्री क्लच प्लेटा बदलायला सांगतो. नव्या प्लेटाही वर्षभरात जळतात.

या दुखण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. आत भलतेच ऑइल असते, नाहीतर ऑइल बरोबर असून दुसरेच काहीतरी ते तापवत किंवा नासवत असते. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात, म्हणूनच एक दुरुस्त केल्यावर थोडे दिवस बरे वाटते. हे अंगावर काढण्यासारखे नाही. मे महिन्यात दुपारनंतर उजनीवर वादळी वारा किती अचानक उठतो हे करमाळा, इंदापूर, माढ्याकडच्या माणसांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटून माणसे गेली. त्या वाऱ्यात बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवायचे तर पंखा फिरता असावा लागतो.

आधी प्लेट पुसा

कोणते ऑइल हे गिअरबॉक्सच्या अंगावर बसवलेली छोटी पत्र्याची प्लेट ठरवते. तिच्यावर मॉडेल, गुणोत्तर आणि बऱ्याचदा ऑइलचा प्रकारही असतो. रंगाच्या दोन-तीन थरांखाली ती दडलेली असते. थिनरने पुसा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि त्या मॉडेलचे माहितीपुस्तक पाहा. ‘आधी लाल होते, म्हणून लालच घातले’ या हिशेबानेच बहुतेक गिअरबॉक्स बिघडतात, कारण आधीच्या माणसानेही तेवढाच विचार केलेला असतो.

गिअरबॉक्स हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने क्लच धरणारा) आहे की मेकॅनिकल (लीव्हरने धरणारा), एवढ्यावरून ऑइल ठरत नाही, हे नीट लक्षात घ्या. झेडएफचे, म्हणजे पूर्वीचे हुर्थ, लहान मेकॅनिकल गिअरबॉक्स (१०एम, १५एम, २५एम) एटीएफवर, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांच्या पातळ ऑइलवर, चालतात. यानमारचा केएम२पी हाही मेकॅनिकलच, पण त्याच्या आत शंकूच्या आकाराचा क्लच आहे आणि त्याला इंजिन ऑइल लागते. बोर्ग वॉर्नरचा वेल्व्हेट ड्राइव्ह हायड्रॉलिक असून एटीएफ मागतो. ट्विन डिस्कचे बरेचसे हायड्रॉलिक गिअरबॉक्स मात्र एसएई ३० किंवा ४० चे सिंगल ग्रेड इंजिन ऑइल मागतात. गिअरबॉक्सचे चार डबे, बाहेरून सारखेच करडे-निळे, आणि अदलाबदल केली की चारही बिघडणार.

आपल्याकडे आणखी एक जात भेटते. ट्रकचा किंवा जीपचा जुना गिअरबॉक्स इंजिनसकट बोटीत बसवलेला असतो. त्याच्या आत ओला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला, क्लच नाही. क्लच बाहेर, फ्लायव्हीलवर, कोरडा. त्याला गिअर ऑइल लागते, साधारणपणे ८०डब्ल्यू-९० जीएल-४. सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळी असतील तर जीएल-५ टाळा, त्यातले गंधक-फॉस्फरसचे मिश्रण पितळ खाते. पण इथे क्लच घसरत असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल बदलून काडीचाही फरक पडणार नाही. गिअरबॉक्सचे पुढचे सील गळून कोरड्या प्लेटेवर ऑइल आले आहे का, ते बेल हाउसिंगखाली हात फिरवून बघा. शिवाय या डब्याच्या मागच्या बेअरिंगवर पंख्याचा रेटा झेलायची ताकद नसते. शाफ्टवर वेगळे थ्रस्ट बेअरिंग नसेल, तर कितीही महागडे ऑइल घातले तरी मागचे बेअरिंग आणि सील जात राहणार.

भलत्या ऑइलने आत काय होते

जाडीपासून सुरुवात करू, कारण ऑइलच्या डब्यावरच्या आकड्यांनी सगळ्यात जास्त गोंधळ घातला आहे. १०० अंश सेल्सिअसला एटीएफ डेक्स्रॉन-३ ची जाडी साधारण ७ सेंटिस्टोक असते. एसएई ३० इंजिन ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान. एसएई ४० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही १२.५ ते १६.३. आणि गिअर ऑइल ९०? ते १३.५ ते १८.५. म्हणजे नव्वद नंबरचे ऑइल चाळीसच्या दुपटीहून जाड, हा समज खोटा आहे. इंजिन ऑइलची आणि गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे, आणि तापल्यावर ही दोन्ही जवळजवळ सारखीच जाड असतात. फरक जाडीत नाही, आत मिसळलेल्या रसायनात आहे.

हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये पंप ऑइलला दाब देतो, तो दाब पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन क्लच प्लेटा दाबून धरतो. एसएई ४० मागणाऱ्या डब्यात एटीएफ घातले तर गार असताना काम निभते. तापल्यावर ते इतके पातळ होते की पंपाच्या फटीतून आणि झिजलेल्या रिंगांमधून मागे गळते, दाब उतरतो आणि प्लेटा घसरतात. सकाळी ओढतो, दुपारी घसरतो, ते यामुळे. घसरणारी प्लेट उष्णता सोडते, ऑइल आणखी पातळ होते आणि घसरण वाढत जाते.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे नव्वद नंबरचे गिअर ऑइल. हा उपाय फसवा आहे. जाड ऑइलने दाब चढतो, दोन आठवडे बोट छान ओढते. पण गिअर ऑइलमधले ईपी (जास्त दाब सोसणारे) मिश्रण दातांवर निसरडा थर बसावा म्हणूनच घातलेले असते. तोच थर ओल्या क्लचच्या प्लेटांवर बसला की त्यांची पकड जाते. कांशाच्या बुश आणि सिंटर प्लेटा काळवंडतात. एकदा प्लेटांत मुरलेले हे मिश्रण साध्या ऑइल बदलाने निघत नाही.

उलट चूकही होते. एटीएफ मागणाऱ्या मेकॅनिकल डब्यात १५डब्ल्यू-४० घातले, तर प्लेटांमधले ऑइल वेळेवर पिळून बाहेर जात नाही. गिअर उशिरा लागतो, न्यूट्रलला पंखा थोडा फिरत राहतो.

इंजिन ऑइल मागणाऱ्या डब्यासाठीही सगळी इंजिन ऑइले चालत नाहीत. ‘मायलेज वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. इंजिनला ती चांगली, ओल्या क्लचला वाईट. मोटारसायकलवाल्यांना हे ठाऊक असते: तिथे क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो म्हणून डब्यावर जासो एमए पाहून घेतात आणि एमबी टाळतात. तीच गोष्ट इथे. आणि पुस्तकात सिंगल ग्रेड लिहिले असेल तर मल्टिग्रेड घालू नका. मल्टिग्रेडमधले जाडी टिकवणारे पॉलिमर गिअरच्या दातांत चिरडले जातात आणि काही महिन्यांत ४० चे ऑइल ३० सारखे वागू लागते.

दुकानात काय मागायचे

सोलापूर हे ट्रॅक्टर, ट्रक आणि जेसीबीचे गाव. ऑइलच्या दुकानात बोटीचे नाव काढले की दुकानदार गोंधळतो आणि ट्रॅक्टरचे वेट ब्रेक ऑइल पुढे करतो. ‘यातही ओल्या प्लेटा असतात’ हे त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण त्याची जाडी आणि पकड ट्रॅक्टरच्या ब्रेकसाठी बसवलेली असते. गिअरबॉक्सच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नसेल तर नको. बोट हा शब्दच टाळा आणि पुस्तकातली संज्ञा जशीच्या तशी मागा: ‘एटीएफ डेक्स्रॉन-३’ किंवा ‘एसएई ४० सिंगल ग्रेड डिझेल इंजिन ऑइल’.

लाल रंगावर जाऊ नका. रंग फक्त ओळखीसाठी घालतात. पॉवर स्टिअरिंगचे तेल लाल, सीव्हीटीचे काही लाल, काही हायड्रॉलिक ऑइलेही लाल. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच गाड्यांचे तेल इथे अजिबात चालत नाही. डेक्स्रॉन-३ चे परवाने जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीस थांबवले, त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्स्रॉन-३’ लिहिले असेल तर ती त्या ऑइल कंपनीची स्वतःची हमी असते. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा सीलबंद डबा घ्या, बॅरलमधले सुटे घेऊ नका. त्यानंतर आलेले डेक्स्रॉन-६ मुळातच पातळ आहे, १०० अंशाला ६.४ सेंटिस्टोकपेक्षा जास्त नाही. झिजलेल्या जुन्या गिअरबॉक्सला आपल्या उन्हाळ्यात ते आणखी पातळ पडते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच घ्या.

ऑइल फेकण्याआधी जुने तपासा

जुने ऑइल खूप काही सांगते, म्हणून ते गडबडीने ओतून देऊ नका. पांढऱ्या वाटीत चार चमचे काढा.

करपट वास आणि तपकिरी-काळा रंग असेल तर प्लेटा घसरून ऑइल जळले आहे. दुधाळ किंवा चहासारखे झाले असेल तर पाणी शिरले आहे. थोडेसे पाणी डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी तव्याची परीक्षा करा: जुना तवा उघड्यावर चांगला तापवा, आचेवरून खाली उतरवा आणि दुरून एकच थेंब टाका. चडचडला तर पाणी आहे, शांतपणे धूर निघाला तर नाही. डोळ्यांवर चष्मा असू द्या. वाटीच्या तळाशी चुंबक फिरवा. बारीक करडा लेप ही नेहमीची झीज आहे. टोचणारे तुकडे आले तर दात किंवा बेअरिंग फुटले आहे, तिथे कोणतेही ऑइल उपयोगाचे नाही, डबा उघडावाच लागेल. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक म्हणजे कांशाच्या प्लेटांची किंवा बुशची झीज.

पातळी मोजतानाही चुका होतात. झेडएफ-हुर्थच्या मेकॅनिकल डब्याची डिपस्टिक पुसून भोकात नुसती टेकवायची असते, आटे फिरवून घट्ट करायची नाही. घट्ट करून मोजले तर पट्टी खोल जाते, पातळी जास्त दिसते आणि डबा कायम कमी ऑइलवर चालतो. यानमारच्या लहान डब्यांचेही तसेच. हायड्रॉलिक डब्यात काहींची पातळी इंजिन चालू, गिअर न्यूट्रल असताना मोजतात, तर वेल्व्हेट ड्राइव्हसारख्यांची इंजिन बंद केल्याबरोबर, कारण थांबले की कूलरमधले, म्हणजे ऑइल गार करणाऱ्या नळ्यांमधले, ऑइल खाली उतरते आणि पातळी खोटी वाढते. जास्त भरणेही तितकेच घातक आहे. गिअरचे दात ते ऑइल घुसळतात, फेस होतो, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि दाब पडतो. लक्षणे ऑइल कमी असल्यासारखीच दिसतात आणि माणूस वरून आणखी ओततो.

ऑइल बरोबर असूनही घसरत असेल तर

उजनीसाठी मी सगळ्यात आधी कूलरवर बोट ठेवीन. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेले की बोटी गाळाच्या अगदी वरून चालतात. थंड करायला घेतलेल्या पाण्याबरोबर चिखल, शेवाळ आणि जलपर्णीचे तंतू आत जातात. जाळी अर्धी बुजते, कूलरच्या नळ्यांना गाळ धरतो. बाहेर हवा ४३ अंश, पाणीही कोमट, आणि त्यात कूलर अर्धा बंद. अशा वेळी पुस्तकातले अचूक ऑइलही दुपारपर्यंत दम तोडते.

पाण्याचा प्रवाह मोजायला सोपी रीत आहे. कूलर साफ असताना, ठरलेल्या रेसवर, बाहेर पडणाऱ्या पाण्याने १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. पुढे तीच वेळ दीडपट झाली की कूलर काढायचा. नळ्यांतून नायलॉनचा ब्रश किंवा बांबूची काडी फिरवा. लोखंडी सळई घातली की पातळ नळीला भोक पडते, आणि तिथून पुढची गोष्ट वाईट असते. बोट चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जाते आणि मागे तवंग दिसतो. इंजिन बंद झाल्यावर उलट होते, रात्रभरात पाणी ऑइलमध्ये झिरपते. सकाळी ऑइल दुधाळ असेल आणि आदल्या दिवशी पाण्यावर तवंग दिसला असेल, तर कूलर फुटलाच आहे असे धरा. खात्री करायला कूलर सोडवा, ऑइलच्या बाजूचे एक तोंड बंद करा, दुसऱ्याने साधारण २ बार हवा द्या आणि पाण्यात बुडवून बुडबुडे बघा.

मेकॅनिकल गिअरबॉक्समध्ये दुसरा मोठा गुन्हेगार केबल असते. लीव्हर पूर्ण गेला नाही तर क्लच अर्धाच बसतो आणि जळतो. झेडएफ-हुर्थच्या लहान डब्यांत न्यूट्रलपासून पुढे आणि मागे, दोन्हीकडे, लीव्हरच्या बाहेरच्या भोकाशी किमान ३५ मिलिमीटर आणि आतल्या भोकाशी किमान ३० मिलिमीटर हालचाल हवी. केबल सोडवून हाताने लीव्हर पूर्ण ढकलून बघा. हाताने जास्त जात असेल तर दोष केबलचा. लीव्हरखालच्या झाकणाचे बोल्ट मात्र सोडू नका, त्याची जागा कारखान्यात बसवलेली असते आणि ती हलली की दोन्ही बाजूंची पकड बिघडते.

पंखाही बघा. जाळ्याचा नायलॉन दोर किंवा जलपर्णीचे मूळ शाफ्टला गुंडाळले की भार वाढतो, क्लच घसरतो, आणि ऑइलला उगीच दोष मिळतो. आणि बंद पडलेली बोट दोराने ओढून नेताना तिचा पंखा पाण्याने फिरत असतो. हायड्रॉलिक डब्यात इंजिन बंद म्हणजे पंप बंद, म्हणजे बेअरिंगला ऑइल नाही. लांब ओढायचे असेल तर शाफ्ट बांधून ठेवा.

ऑइलची जात बदलताना

एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जायचे तर एकदा सोडून भरणे पुरत नाही. समजा डब्यात आणि कूलर-पाइपांत मिळून ३ लिटर ऑइल बसते. तळाचा बोल्ट उघडल्यावर २.३ लिटरच्या आसपास निघते. उरलेले ०.७ लिटर कूलरमध्ये आणि कोपऱ्यांत राहते. नवे भरले की जुन्याचा वाटा २३ टक्के. दुसऱ्यांदा बदलले की साडेपाच टक्के, तिसऱ्यांदा सव्वा टक्का. म्हणून गिअर ऑइल काढून एटीएफ घालायचे असेल तर ७ लिटर आणा, किंवा दोन्ही पाइप आणि कूलर सोडवून वेगळे निथळून घ्या आणि ६ लिटरमध्ये भागवा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कूलरही त्याच वेळी साफ होतो.

बोट पंधरा-वीस मिनिटे चालवून ऑइल गरम करा. तळाचा बोल्ट हाताला येत नसेल तर डिपस्टिकच्या भोकातून हातपंपाने ओढा, नळी पार तळाला टेकेपर्यंत घाला. फिल्टर असेल तर बदला, जाळी असेल तर धुऊन पूर्ण सुकवा. बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा. वरचे श्वासाचे भोक तारेने मोकळे करा, ते बुजले की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर काढतो. रॉकेल किंवा डिझेल घालून गिअरबॉक्स धुण्याची सवय सोडा. ते बेअरिंगमधले वंगण धुऊन नेते आणि स्वतः कोपऱ्यांत राहून नवे ऑइल पातळ करते.

भरून इंजिन संथ चालू ठेवा, न्यूट्रलला पाच मिनिटे. मग बोट धक्क्याला बांधून पुढचा आणि मागचा गिअर कमी रेसवर चार-पाच वेळा बदला, म्हणजे प्लेटांमधले जुने ऑइल निघते. पातळी पुन्हा पाहा, कूलर भरल्यामुळे ती उतरलेली असते. अर्धा तास चालवून ते ऑइल सोडा आणि दुसऱ्यांदा भरा. नव्या किंवा नुकत्याच उघडलेल्या मेकॅनिकल गिअरबॉक्सचे पहिले ऑइल २५ तासांनी, पुढे वर्षातून किमान एकदा. उजनीसारख्या गाळाच्या पाण्यात पावसाळ्याआधी एकदा बदललेले बरे.

सोडलेले ऑइल डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. काठावर ओतू नका. सोलापूर शहर हेच पाणी पिते.

आता दुपारची चाचणी. टेंपरेचर गन चमकदार ॲल्युमिनियमवर धरली तर कमी आकडा दाखवते. केसिंगवर रुपयाएवढा काळा मॅट रंग लावा आणि तिथेच मोजा. पूर्ण भाराने अर्धा तास चालल्यावर ६० ते ८० अंश असेल तर निश्चिंत राहा. ९५ च्या वर जात असेल तर थांबा आणि कूलर, केबल, पंखा या क्रमाने पुन्हा पाहा. तिन्ही ठीक आणि ऑइल बरोबर असूनही घसरत असेल, तर प्लेटा संपल्या आहेत किंवा पंपाचा दाब गेला आहे. दाबाचे भोक असेल तर गेज लावून गार आणि गरम दोन्ही वेळा दाब मोजून घ्या. गरम असताना दाब पुस्तकातल्या आकड्याखाली येत असेल तर पंप आणि सीलिंग रिंगा. दाब पूर्ण असून घसरत असेल तर प्लेटा.

आउटबोर्ड मोटारवाल्यांसाठी थोडक्यात: त्या पायातल्या गिअरना मरीन गिअर ऑइल लागते, पुस्तकाप्रमाणे जीएल-४ किंवा जीएल-५, जाडी ८०डब्ल्यू-९० किंवा ९०. एटीएफ नको. मोटार उभी ठेवून खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून झटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे. निघालेले ऑइल दुधाळ असेल तर पंखा काढा, सीलमागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली सापडण्याची शक्यता मोठी.

काम संपल्यावर गिअरबॉक्सच्या झाकणावर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहा: ऑइलचा प्रकार, किती लिटर, कोणत्या तारखेला. डिपस्टिकला त्याच मजकुराचा पत्र्याचा तुकडा तारेने बांधा. पुढच्या वेळी बोटीवर दुसराच तांडेल असेल आणि हाताशी ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा असेल, तेव्हा तो ओतण्याआधी ते वाचेल.